पिवळे कोपरे

बाकावर सात माणसं डोळे मिटून बसलेली असताना दवाखान्यात शिट्टी वाजली.

वाजवली चंद्रकांतानेच, म्हणजे तिच्या अंगठ्याने. सातव्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत थेंब टाकून झाले होते, "उघडू नका बाबाजी, मी सांगीन तवाच उघडा" असं बजावूनही झालं होतं, आणि आता पंधरा-वीस मिनिटं कुणालाच काही काम नव्हतं. दिवसातली ही मिनिटं तिची लाडकी. भंडाऱ्याच्या या डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब टाकता टाकता तिला वीस वर्षं झाली होती, पण मिटल्या डोळ्यांच्या त्या ओळीचं नवल काही सरलं नव्हतं. आत येताना नंबरावरून हमरीतुमरीवर आलेला माणूससुद्धा बाकावर डोळे मिटून बसला की शाळेतल्या पोरासारखा दिसायला लागे. त्याच्याकडे हवा तितका वेळ पाहावं, त्याला पत्ता नाही. आज मात्र तिने एप्रनच्या खिशातून फोन काढला, 'जोजो के दीवाने' या ग्रुपवर आलेल्या व्हिडिओवर बोट पडलं, आवाज कमी करायचा राहून गेला होता, आणि ती शिट्टी, आधी एक लांब, मग दोन आखूड, मग पुन्हा लांब, त्या स्पिरिटच्या वासाच्या खोलीभर घुमली. सातही चेहरे आवाजाकडे वळले. डोळे कुणीच उघडले नाहीत, इतकी तिची जरब होती.

"कोन वाजवते वो शिटी?" भिंतीकडच्या बाईने विचारलं.

"निवडणुकीची गाडी असन," शेजारचा म्हणाला, आणि त्याचं फारसं चुकलं नव्हतं.

व्हिडिओत खेमराज होता. सानगडीचा खेमराज, तिच्या माहेरगावचा, आता शेहेचाळीस वर्षांचा, पोट थोडं पुढे, केस घरीच काळे केलेले, आणि काळा चश्मा डोळ्यांवर न लावता कपाळावर चढवलेला, जसा जोजो सरहदी चढवायचा तसा. जोजो सरहदी हा नव्वद सालानंतरच्या कॅसेटींच्या काळातला गायक. दोन कॅसेटी काढल्या, एका शिट्टीच्या गाण्याने देशभरातल्या पोरांना वेड लावलं, आणि मग कुठे गेला ते कुणाला कळलं नाही. कुणी म्हणत कॅनडात टॅक्सी चालवतो, कुणी म्हणत वारला. पण त्याचे चाहते मात्र वारले नव्हते. ते आता पन्नाशीला टेकले होते, गुडघे धरून उठत होते, आणि देशभरातले हजारभर जण या एका ग्रुपवर रोज सकाळी एकमेकांना जोजोचे फोटो पाठवत होते. त्यांच्यापुढे खेमराज हात जोडून उभा होता. "नमस्कार जोजोप्रेमी भाईयो और बहनो," तो म्हणत होता, आणि चंद्रकांताने आवाज कमी करून फोन कानाशी धरला. तो जिल्हा परिषदेला उभा आहे. पक्ष नाही, ठेकेदार पाठीशी नाही. पन्नास चिन्हांमधून निवडणूक आयोगाने त्याला दिलंय तरी काय, तर शिट्टी! हा जोजोचाच इशारा नाही तर काय? आमच्या गावोगावचे तलाव गाळाने भरलेत, मासा जगत नाही, ते उपसायचेत, त्यासाठी निवडून यायचंय, आणि त्यासाठी तुमची मदत पाहिजे. त्याचं हिंदी त्याच्या जुन्या मोटारसायकलीसारखं होतं, चढावर अडायचं, उतारावर सुसाट. "और इसलिए आनेवाले इतवार को, ग्यारह बजे, लाइव," तो म्हणाला, "मैं अपनी जिंदगी की सबसे कीमती चीज की बोली लगानेवाला हूँ. जोजोभाई ने मुझे अपने हाथ से लिखा हुआ खत." मग कुणीतरी, बहुतेक त्याच्या बायकोने, रिताने, फोन पुढे नेला आणि पडदाभर ते पत्र आलं. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, त्यावर चिकटवलेला जोजोचा फोटो, खाली निळ्या शाईच्या तिरप्या ओळी. आणि चारी कोपरे पिवळे.

चंद्रकांताने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाला तिला काहीतरी लागल्यासारखं वाटलं, ओलसर, किंचित खरखरीत, आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघरातला हळदीच्या डब्याचा वास आला. तिने बोट एप्रनला पुसलं. बोट कोरडंच होतं.

सानगडीत तेव्हा जोजोची कॅसेट एकच होती आणि ती वाजवायला टेपरेकॉर्डरही एकच, चंद्रकांताच्या वडिलांच्या किराणा दुकानातला. खेमराज रोज संध्याकाळी दुकानापुढे यायचा. त्याच्या घरी तलावावरच्या मासेमारीचं काम, बाप पहाटे जाळं टाकायचा आणि हा जाळं धुता धुता शिट्टी वाजवायचा. अंगाला माशांचा वास असायचा म्हणून तो आपणहून दुकानाच्या पायरीखालीच उभा राहायचा, आणि सतरा वर्षांची चंद्रकांता टेपरेकॉर्डर उचलून पायरीच्या अगदी कडेला आणून ठेवायची. वडील ओरडायचे, वायर तुटते म्हणून. त्या दोघांनी मिळून फॅन क्लब काढला होता, दोनच सभासदांचा; तो अध्यक्ष, ती सचिव. अध्यक्षांनी जोजोला मुंबईच्या पत्त्यावर अकरा पत्रं लिहिली आणि सचिवबाईंनी ती शुद्ध करून दिली. उत्तर एकाचंही आलं नाही. तरी हा पठ्ठ्या टपाल यायच्या वेळेला पोस्टात हजर. आणि मग दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली, रात्री नाटक होतं, दोन अंकांच्या मध्ये खेमराजला एक गाणं म्हणायची परवानगी मिळाली. निळा शर्ट, उसना काळा चश्मा. पेटी सुरू झाली आणि याचे ओठ कोरडे पडले. शिट्टी लागेचना. नुसती फूऽ फूऽ हवा. आधी पुढच्या रांगा हसल्या, मग मागच्या, आणि कुणीतरी ओरडलं, "मासे पकड गा, मासे!" मग अख्खी मंडई हसली. चंद्रकांता बायकांच्या बाजूला बसली होती. तिच्या शेजारची आत्या हसली तेव्हा तिने आत्याला चिमटा काढला होता, हे तिला अजून आठवतं. आत्याचा दंड आठ दिवस हिरवानिळा होता.

दुसऱ्या दिवशी खेमराजने कॅसेट तलावात फेकली. त्यानंतर तो गायला नाही, आणि गाणं राहू द्या, बोललाही नाही. तलावाच्या पाळीवर बसून राहायचा. पंधरा दिवसांनी त्याची आई सुंदरबाई दुकानात मीठ घ्यायला आली आणि मीठ न घेताच पायरीवर बसली. "जेवत नाही वो पोट्टा," ती म्हणाली. "पान्याकडं पायत रायते निस्ता. मले भेव वाटते." त्या वयात माणूस फार विचार करत नाही, आणि बरंच आहे ते. चंद्रकांताने चुलतबहिणीच्या लग्नाला नागपूरला जायचं निमित्त साधलं, जुन्या मासिकातला जोजोचा फोटो कापून जाड कागदावर डकवला, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं: "प्यारे खेमराज, तुम्हारे सब खत मिले. गाना मत छोड़ना. लोग हँसे तो और जोर से गाना, हँसी की आवाज दब जाएगी. तुम्हारा जोजो." डावा हात कसला थरथरत होता! चार ओळींना दुपार गेली. आणि मग, पाकिटात घालण्याआधी, स्वयंपाकघरात जाऊन तिने ओल्या बोटावर हळद घेतली आणि चारी कोपऱ्यांना लावली. कारण सुंदरबाईला वाचता येत नव्हतं. वाचता न येणारी सगळी माणसं तेव्हा पत्राचे कोपरे पाहत. कोपरा फाटका असला की मयताची खबर, पिवळा असला की शुभ. अनोळखी पत्र हातात पडल्यावर त्या बाईच्या काळजाचा ठोका चुकू नये, एवढाच तिचा विचार. हळदीशिवाय चांगलं पत्र घराबाहेर पाठवता येतं हेच तिला ठाऊक नव्हतं. मुंबईचा गाणारा, कपाळावर काळा चश्मा चढवणारा, तो कशाला पत्राला हळद लावेल, हे तिच्या मनातही आलं नाही. आणि गंमत अशी की गावात कुणाच्याच मनात आलं नाही. पोस्टमन म्हणाला, नागपूरचा शिक्का आहे कारण विमान नागपूरले उतरते. सुंदरबाई म्हणाली, कोण्या चांगल्या माउलीचा लेक आहे, हळद लावून धाडली. खेमराजने ते पत्र किती वेळा वाचलं देव जाणे. तिसऱ्या दिवशी पाळीवरून शिट्टी ऐकू आली, आणि चंद्रकांता दुकानातल्या पोत्यांच्या मागे जाऊन पोटभर रडली.

"बाई, उघडू का डोये?" सातव्या म्हाताऱ्याने विचारलं. ती दचकली. वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

संध्याकाळी घनश्यामने, तिच्या नवऱ्याने, जेवताना विचारलं, "तोंड काहून उतरलं वो? डॉक्टर बोलले का?" घनश्यामचं भांड्यांचं दुकान होतं, दिवसभर गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे पाहण्याची सवय, त्याच्यापासून काही लपायचं नाही. तिने व्हिडिओ दाखवला. त्याने कौतुकाने दोनदा पाहिला. "हा तुमचा खेमराज म्हणजे भल्ला मानूस आहे," तो म्हणाला, "गाने आयकवून वर्गनी मांगून राहिला. आनि हा जोजो पाय ना, हळद लावली पत्राले! आजकालचे गाणारे लावतीन का?" चंद्रकांताने त्याला भात वाढला. सांगून टाकावं का याला? घनश्याम रागावला नसता. आधी हसला असता, मग उद्या दुकानात चार जणांना सांगितलं असतं, निव्वळ बायकोच्या कौतुकापोटी. गोष्ट तिची एकटीची होती, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. प्रेम होतं का ते? या प्रश्नाला तिने कधी फार वेळ दिला नव्हता. तिचं लग्न झालं, त्याचं झालं, दोघांचं बरं झालं. पण जीव होता. तो अजूनही होता, आणि त्यामुळे घनश्यामवरचा जीव काही कमी होत नव्हता.

आणि ते पत्र खेमराजच्या आयुष्यात असं मुरलं होतं की काढू म्हटलं तर निघणार नव्हतं. पुढच्या मंडईत तो गायला, लोक हसले, तो आणखी जोरात गायला, आणि हसणं खरोखरच दबलं. मग त्याने ऑर्केस्ट्रा काढला, लग्नांमधून गायला. मच्छीमार सोसायटीच्या सभेत पहिल्यांदा बोलायला उभा राहिला तेव्हा साहेब हसले. हा जोरात बोलला. तलावाचा ठेका बाहेरच्या माणसाला जायचा होता, तो याने जोरात बोलून बोलून गावाकडे राखला. भेटला की म्हणायचा, "चंदा, जोजोनं सांगितलं नसतं त मी आज पाळीवरच बसलो असतो, नाईतर पान्यात." ती म्हणायची, "हो ना." तिच्या लग्नाआधी सांगायचं ठरवलं होतं. मग त्याच्या लग्नात. मग वडील गेले, तेव्हा तो चार दिवस त्यांच्या दारात बसून होता, तेव्हा तर ओठांवर आलं होतं. दर वेळी वाटायचं, याच्या पायाखालची फळी आपण का काढावी? तो उभा आहे ना, झालं तर.

गुरुवारी ग्रुपवर इंदूरच्या कुणा मनिषने लिहिलं: "भाई, बंबई का पॉप सिंगर खत पे हल्दी क्यों लगाएगा?" एवढंच. चंद्रकांता त्या दिवशी थेंब टाकताना दोनदा चुकली, गालावर टाकले, आणि दर पाच मिनिटांनी ते वाक्य काढून पाहत राहिली. मग एकाने लिहिलं, "हाँ यार, अजीब तो है." दुसऱ्याने लिहिलं, "नकली निकला तो? चुनाव का मामला है." नकली निघालं तर काय होईल ते तिला इंदूरच्या माणसापेक्षा चांगलं ठाऊक होतं. साकोलीपासून गावोगाव भोंगे फिरतील. ज्याने खोटं पत्र दाखवून पैसे गोळा केले तो तलाव काय उपसणार! आणि तो बिचारा शपथेवर सांगत राहील की खरं आहे, आणि जितका जोरात सांगेल तितके लोक हसतील. तिचाच सल्ला तिच्याच पोराला बुडवणार. पोराला, असंच तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचं हसूही आलं. तो तिच्यापेक्षा एका वर्षाने मोठा होता.

रविवारी सकाळी ती साकोलीच्या एस.टी.त बसली. घनश्यामला म्हणाली, सुंदरबाईचे डोळे पाहून येते. गेल्या वर्षी म्हातारीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिनेच करवून घेतलं होतं, म्हणजे थाप अर्धीच होती. कापणी झालेल्या बांध्यांमधून धानाचे पुंजणे रचलेले होते, खिडकीतून धुळीचा आणि तणसाचा वास येत होता, आणि ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. सोपं वाक्य एकही नव्हतं. 'तुले वाईट वाटीन' असं सुरू करावं, तर त्याला ते आधीच वाटणार. लाखनी गेलं, साकोली आली, ती उतरून सानगडीच्या काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून बसली, आणि गावचा तलाव दिसेपर्यंत एक वाक्य तयार झालं होतं ते तलाव दिसताच विसरली.

ओसरीवर सुंदरबाई बसली होती. पावलावरूनच तिने ओळखलं, मग चश्म्यातून खात्री केली. "तुह्यानं दिसते मले आता," ती म्हणाली आणि चंद्रकांताचं तोंड दोन्ही हातांनी कुरवाळलं. रिता आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. ती साधीसुधी, कामाची बाई; नवऱ्याच्या प्रचाराचा सगळा फोन तीच सांभाळत होती. चंद्रकांताने पाणी पिता पिता, जणू सहज, विचारलं, "तो मनिष काय म्हनत होता वो, हळदीचं?"

"ते मिटलं ना ताई! पायलं नाही का तुमी? येता येता रेंज नसन." रिताने फोन पुढे केला. सकाळीच तिने सासूचा व्हिडिओ टाकला होता. त्यात सुंदरबाई पत्र मांडीवर घेऊन ठणकावून सांगत होती, "दर दसऱ्याले मीच लावतो हळद. देवाजवळ ठेवतो. माह्या लेकाले जिवंत केलं ह्या कागदानं." आणि खाली इंदूरच्या मनिषने हात जोडलेली चित्रं टाकून लिहिलं होतं, "माफ करना अम्मा." त्याच्याखाली शंभर जणांचे लाल बदाम.

चंद्रकांताला हसू फुटलं. ती ओसरीच्या खांबाला टेकली आणि खळखळून हसली; सुंदरबाईही का ते न कळता हसली. सुटले! आता कुणालाही कळणार नव्हतं. तिच्या हळदीवर म्हातारीने अठ्ठावीस वेळा हळद चढवली होती, खालचं बोट कुणाचं होतं ते विचारायला कुणी राहिलंच नव्हतं. चहा घ्यावा, डोळे पाहावेत, दुपारच्या गाडीने परत जावं. "आनि ताई," रिता उत्साहाने सांगत होती, "बोली पन मोठी लागून राहिली. बालाघाटच्या पार्वताबाई म्हनून आहेत, रिटायर नर्स. एकट्याच राहतात. एकतीस हजारापर्यंत जातो म्हनाल्या. रोज निजताना जोजोची शिटी लावतात म्हने. पत्र फ्रेम करून खाटेसमोर लावीन म्हनतात, सकाळी डोये उघडले का पयले तेच दिसलं पायजे."

हसू जिथल्या तिथे थांबलं. सकाळी डोळे उघडले की. चंद्रकांताला बालाघाटच्या त्या न पाहिलेल्या बाईचा चेहरा दिसला, बाकावरच्या माणसांसारखा, मिटलेल्या डोळ्यांचा, भरवशाने वर केलेला. आपण सांगू तेव्हाच उघडणारा. आणि समोर भिंतीवर, काचेआड, आपल्या डाव्या हाताची अक्षरं. इतकी वर्षं ते खोटं एका माणसासाठी होतं, जिवासाठी होतं, त्याची तिला कधी लाज वाटली नव्हती. आज पहिल्यांदा ते बाजारात चाललं होतं.

खेमराज मागच्या अंगणात फोनचा स्टँड उभा करत होता. पांढरा शर्ट, कपाळावर चश्मा. तिला पाहून तोंडभर हसला. "ये वो चंदा! टायमावर आलीस. पाय, उन्ह तोंडावर पडते का?"

"खेमराज, ते पत्र इकू नको."

"काहून? प्रचाराची गाडी का पान्यावर चालते?" तो स्टँडच्या पायाखाली खापरी सरकवत म्हणाला. "मलेही जीवावर येऊन राहिलं. पन जोजो असता त म्हनला असता, इक."

"जोजोनं नाही लिहिलं ते. मी लिहिलं."

तो हसला. गंमत करतेय असं वाटून त्याने रिताला हाक मारायला तोंडही वळवलं. मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं. चंद्रकांताने तिथल्या खुर्चीवरच्या गठ्ठ्यातलं त्याच्याच प्रचाराचं एक पत्रक उचललं, उलटं केलं, पर्समधून पेन काढून डाव्या हातात धरलं. हात तसाच थरथरत होता, वय वाढलं म्हणून काही सुधारला नव्हता. "गाना मत छोड़ना," तिने लिहिलं. मधला तो 'मत', उजवीकडे कलंडलेला, जणू आत्ताच पडेल. खेमराजने पत्रक हातात घेतलं. तो तेवढ्या तीन शब्दांकडे पाहत राहिला, आणि त्याचा चेहरा असा उघडा पडला की तिला नजर फिरवावीशी वाटली. तिने फिरवली नाही.

"म्हंजे जोजोले मी माहीतच नव्हतो," तो म्हणाला.

"नाही."

"अकरा पत्रं?"

"पोचली असतीन. मले माहीत नाही, खेमराज." तिने पेनला टोपण लावलं. "तू पाळीवर बसून राहत होता. तुही माय रडत होती. मले दुसरं काही सुचलं नाही. मले भेव वाटलं होतं रे."

त्याने कपाळावरचा चश्मा काढला, खिशात घालायला गेला, खिसा सापडेना म्हणून खुर्चीवर ठेवला आणि मागच्या फाटकातून तलावाकडे निघून गेला. ती तिथेच उभी. आपण त्याचा जोजो मारला, असं तिला वाटत होतं, स्वच्छ, शब्दाशब्दाने. रिता दारात आली होती. तिने सगळं ऐकलं होतं की नाही कळेना. "ताई, आत बसा," ती एवढंच म्हणाली, "दहा मिनिटं आहेत लाइव्हले." आतल्या खोलीत सुंदरबाई पत्र मांडीवर घेऊन बसली होती, विकायला देण्याआधी शेवटचा हात फिरवत. चंद्रकांता तिच्या शेजारी बसली. म्हातारीच्या अंगाला पूर्वीसारखाच वास होता, माशांचा, धुराचा, हळदीचा. चंद्रकांताला वाटलं, आता उठावं आणि काळी-पिवळीत बसावं, भंडाऱ्याला जाऊन दवाखान्याचं शटर उघडून त्या रिकाम्या बाकावर डोळे मिटून बसावं. पण ती उठली नाही.

अकराला तीन मिनिटं असताना फाटक वाजलं. खेमराज तोंड धुऊन आला होता, शर्टाचा पुढचा भाग भिजलेला. चश्मा त्याने घातला नाही. रिताने एक फोन स्टँडवर लावला आणि दुसरा आणून चंद्रकांताच्या हातात दिला, तुम्हीही पाहा म्हणून. त्याचा आवाज आधी अंगणातून येई आणि दोन क्षणांनी फोनमधून. एकच माणूस दोनदा बोलत असल्यासारखा. "नमस्कार," तो म्हणाला, नेहमीचं लांबलचक काही न लावता. "ये खत जोजो का नहीं है." पडद्यावर उडणारे बदाम थांबले. "मुझे आज मालूम पड़ा. हमारे गाँव के एक इंसान ने लिखा है, जब मेरी आवाज बंद हो गई थी. जिन्होंने ये खत देखकर पैसा भेजा है, वापस ले लो, मैं भेज दूँगा. पार्वताबाई, माफ करना. बोली नहीं लगेगी. मैं..." इथे त्याचं हिंदी संपलं. चढावर अडावं तसं अडलं आणि बंदच पडलं. तो खाली पाहत राहिला, मग मान वर करून आपल्या बोलीत म्हणाला, "जोजोचं असतं त इकलं असतं. हे माह्या मानसाचं आहे. मी इकत नाही."

दोन क्षणांनी तेच वाक्य फोनमधून चंद्रकांताच्या हातात आलं. सुंदरबाईने पत्रावरचा हात काढला नव्हता. "काय म्हनते पोट्टा? इकत नाही?" तिने विचारलं. चंद्रकांताने मान डोलावली. पाहणाऱ्यांचा आकडा भराभर उतरत होता, चारशेचे अडीचशे झाले, कुणी लिहिलं "धोखा", कुणी "ड्रामा", आणि मग, सगळ्यांच्या खाली, सावकाश टाइप केल्यासारखं, बालाघाटच्या पार्वताबाईंचं आलं: "ठीक है बेटा. गाना तो सुनाओ."

खेमराजने ओठ ओले केले. फुंकर मारली. शिट्टी लागली नाही. नुसती हवा गेली, फूऽ, मंडईतल्यासारखीच. त्याने पुन्हा फुंकलं. पडद्यावर एक हसरा पिवळा चेहरा आला, डोळ्यांतून पाणी येईतो हसणारा, मग दुसरा, मग ओळीने दहा. अंगणात तो गप्प झाला. भिंतीपलीकडे तो कसा बसला असेल ते चंद्रकांताला पडद्याकडे न पाहताही दिसत होतं. ते तिने पाळीवर पाहिलं होतं. या वेळी डावा हात नव्हता, नागपूरचा शिक्का नव्हता, फोटो नव्हता. ती उभी राहिली.

"जोरात, खेमराज!" ती ओरडली. "आनखी जोरात!"

दोन क्षणांनी तिचाच आवाज फोनमधून परत आला, अडीचशे माणसांमधून फिरून, तिला वाटला होता त्यापेक्षा खूपच मोठा. "आवाज किसकी है?" कुणीतरी लिहिलं. त्याला उत्तर द्यायला खेमराजला सवड नव्हती. शिट्टी लागली होती, आधी अंगणातून, मग फोनमधून.